तुरुंगात कामाला लागलात? कॅमेरा बाहेर काढण्याआधी हे वाचा

मुंबईत कामानिमित्त तुरुंगाशी संबंध येणारी माणसं पुष्कळ आहेत. नव्याने भरती झालेला कारागृह शिपाई, शिवणकाम शिकवायला येणारी बाई, विधी सेवा प्राधिकरणाकडून येणारा तरुण वकील, सीसीटीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक, भाजीपाल्याची गाडी आणणारा ड्रायव्हर. फोन सगळ्यांच्याच खिशात असतो, आणि नवी नवलाई असते तोवर हात तिकडे जातोच. मी एका संस्थेतर्फे कारागृहातल्या शिक्षणवर्गांचं काम बघते. आमच्या अहवालांना फोटो लागतात. ते कसे मिळवायचे, कसे काढायचे आणि कोणते अजिबात काढायचे नाहीत, हे नव्या मुलामुलींना समजावून सांगणं माझ्याकडे असतं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. आत काय टिपायचं हे आत गेल्यावर ठरवायचं नसतं. ते बाहेर, कागदावर, सही-शिक्क्यानिशी आधीच ठरलेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका नियमातून निघतात.

आधी आपण कुठे आहोत ते ओळखा

आर्थर रोड तुरुंगाचं अधिकृत नाव मुंबई मध्यवर्ती कारागृह. १९२६ साली बांधलेला हा तुरुंग सात रस्त्याजवळ भर वस्तीत उभा आहे. रस्त्याला आता साने गुरुजी मार्ग म्हणतात, शेजारी कस्तुरबा रुग्णालय आहे आणि महालक्ष्मीचा धोबीघाट हाकेच्या अंतरावर. धोबीघाटावर कॅमेरे घेऊन आलेली मंडळी फिरत फिरत इकडेही येतात आणि उंच भिंत दिसली की कॅमेरा वर करतात. भायखळ्याला महिलांचं कारागृह आहे. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिली गेली, त्यामुळे इतिहासाची आवड असलेले लोक तिथला फोटो मिळावा म्हणून धडपडतात. डोंगरीला मुलांचं निरीक्षणगृह आहे. तिथे पूर्वी तुरुंग होता आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर त्याच तुरुंगात होते.

हे सांगण्याचं कारण असं की, ‘जुनी वास्तू आहे, फोटो काढला तर काय बिघडलं’ हा विचार मनात येणं अगदी साहजिक आहे. वास्तू जुनी असली तरी तुरुंग आजचा आहे. किल्ल्याच्या तटावर आज पहारा असतो आणि तटाच्या आत माणसं कोंडलेली असतात. वास्तूचा अभ्यास करायचाच असेल तर त्यासाठी रीतसर अर्ज करा. कामावर आलोच आहोत तर जाता जाता तेही उरकून घेऊ, असं करू नका.

रस्त्यावर उभे असताना

गेटबाहेर दर्शनी जागी एक फलक असतो. तो पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत वाचा. १८९४ च्या तुरुंग कायद्याने (कलम ४४) हा फलक लावणं अधीक्षकांना बंधनकारक केलं होतं, तोही इंग्रजीसोबत स्थानिक भाषेत. आत काय नेण्या-आणण्याला मनाई आहे आणि त्याला शिक्षा काय, हे त्यावर लिहिलेलं असतं. नियम बदलतात तसा फलकही बदलतो, तेव्हा मधूनमधून पुन्हा नजर टाका.

रस्त्यावरून भिंतीचा फोटो काढणाऱ्याला पहाऱ्यावरचा शिपाई हटकतो, तेव्हा काही जण लगेच निकालाचा हवाला देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं होतं की, शासकीय गुपिते कायद्यात ‘प्रतिबंधित जागा’ म्हणून ज्या जागा येतात त्यांत पोलीस ठाणं येत नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढणं हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. निकाल खरा आहे, पण तो पोलीस ठाण्याबद्दल आहे. तुरुंगाला स्वतःचा वेगळा कायदा आणि स्वतःचे नियम आहेत. ते तिथे लागू असतातच. पहाऱ्यावरच्या माणसाशी रस्त्यात उभं राहून कायद्याचा कीस पाडण्यात कामावर आलेल्या माणसाचं काहीच भलं होत नाही.

गेटसमोर आणखी एक गोष्ट असते, आणि माझ्या मते भिंतीपेक्षा ती कितीतरी नाजूक आहे: मुलाखतीसाठी आलेल्या नातेवाइकांची रांग. सकाळपासून उभ्या असलेल्या बायका, कडेवर पोरं, हातात कपड्यांची पिशवी. बातमीदाराला किंवा नव्या स्वयंसेवकाला ते दृश्य भिडतं. पण त्या रांगेतल्या अनेक जणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना न सांगता आलेल्या असतात, आणि कामावर रजा टाकताना वेगळंच कारण दिलेलं असतं. रांगेचा फोटो काढू नका. मागून नाही, लांबून नाही, ‘चेहरा दिसत नाहीये ना’ म्हणूनही नाही. साडी, पिशवी, सोबतचं मूल, एवढ्यावरून ओळखीचं माणूस ओळखतं.

ड्रोनचा तर विचारही नको. मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून ड्रोन उडवण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघत असतात, आणि तुरुंगावर ड्रोन दिसला तर तो कुणाचा, कशासाठी, हे नंतर विचारलं जाईल, आधी धावपळ होईल.

सरकारी नोकरीत असाल तर

नव्या शिपायाला गणवेशातला फोटो हवाच असतो. आईवडिलांना तो भिंतीवर लावायचा असतो, गावाकडे दाखवायचा असतो. ती हौस अगदी रास्त आहे. फोटो घरी काढा, स्टुडिओत काढा, किंवा प्रशिक्षण संपताना संस्था अधिकृत फोटो काढते तो घ्या. मागे गेट, तट, टॉवर, गाडी यांतलं काही नको.

आणि तो फोटो फ्रेममध्येच राहू द्या. राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबाबत शासन निर्णय काढला आहे. स्वतःच्या खासगी खात्यावर, प्रोफाइल फोटोचा अपवाद सोडला तर, पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, तसंच सरकारी गाडी किंवा इमारत दिसेल असे फोटो, रील आणि व्हिडिओ टाकणं टाळावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कंत्राटी आणि प्रतिनियुक्तीवरच्या कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे. म्हणजे ‘मी कायम नाही, मला काय त्याचं’ ही पळवाट उरत नाही. हा निर्णय मागवून घ्या आणि एकदा पूर्ण वाचा. सहकाऱ्यांकडून ऐकलेल्या सारांशावर जाऊ नका.

वसाहतीत राहणाऱ्यांसाठी खास सांगते. मुलाच्या वाढदिवसाचा फोटो गॅलरीत काढला आणि मागे तटाची भिंत, टॉवरचा जिना, इमारतीचा क्रमांक आला, तर एकाच फोटोत तुम्ही कोण, कुठे राहता आणि मूल कसं दिसतं, हे तिन्ही कळतं. आत असलेल्यांपैकी काहींच्या टोळ्या बाहेर शाबूत असतात. वाढदिवस घरातल्या भिंतीसमोर साजरा करा.

परवानगीचा कागद

संस्थेतर्फे, महाविद्यालयातर्फे किंवा ठेकेदारातर्फे येणाऱ्यांना फोटो हवे असतील तर अर्ज अधीक्षकांच्या नावे करायचा. विषय मोठा असेल, म्हणजे माहितीपट, प्रदर्शन, पुस्तक, तर प्रकरण वर जातं: दक्षिण विभागाचे कारागृह उपमहानिरीक्षक आणि पुण्याचं मुख्यालय. म्हणून वेळ हाताशी ठेवा. रक्षाबंधनाच्या कार्यक्रमाचे फोटो हवेत आणि अर्ज आदल्या दिवशी, असं केलंत तर उत्तर नाहीच येणार, आणि त्यात कार्यालयाची काही चूक नाही.

अर्ज मराठीत, लेटरहेडवर लिहा. कार्यक्रम कोणता, तारीख, वेळ किती ते किती, आवारातली नेमकी जागा, फोटो काढणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्राची प्रत, कॅमेऱ्याची कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, लेन्स किती, मेमरी कार्ड किती. पुढचे तीन मुद्दे लोक हमखास विसरतात आणि अर्ज तिथेच अडकतो: फोटो कशासाठी वापरणार, कुठे छापणार किंवा टाकणार, आणि काम झाल्यावर मूळ फाइल कोणाकडे राहणार. ‘प्रसिद्धीसाठी’ असा मोघम शब्द घालू नका. ‘संस्थेच्या वार्षिक अहवालात चार फोटो, संकेतस्थळावर नाही’ असं नेमकं लिहिलं की समोरच्या अधिकाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. परवानगी मिळाली की त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा. तोंडी होकारावर कॅमेरा घेऊन जाऊ नका. होकार देणाऱ्या साहेबांची मध्येच बदली होते, साप्ताहिक सुट्टी येते, आणि गेटवरच्या शिपायाला तुमचा तोंडी होकार ठाऊक नसतो. कागद नसताना तो तुम्हाला आत सोडत नाही, हेच त्याचं काम आहे. आणखी एक: परवानगी त्या दिवसापुरती, त्या जागेपुरतीच असते. वर्गाची परवानगी घेऊन स्वयंपाकघराचे फोटो काढता येत नाहीत, जरी स्वयंपाकघर वाटेतच लागत असलं तरी.

बाहेरून चित्रीकरणासाठी येणाऱ्यांचं प्रकरण याहून कडक आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१५ मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनांत माहितीपट करणाऱ्यांकडून १ लाख रुपये अनामत घ्यावी, चित्रीकरण झाल्यावर कॅमेरा आणि सगळं साहित्य तीन दिवस अधीक्षकांच्या ताब्यात द्यावं, आणि प्रसिद्ध करण्याआधी ना-हरकत घ्यावी, असं सांगितलं आहे. पत्रकारांनी बंद्यांना, म्हणजे कैद्यांना, भेटण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९८७ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात आला होता. तिथेही मुद्दा हाच ठरला की भेट नियमांच्या चौकटीत आणि बंद्याच्या इच्छेनेच व्हायला हवी.

गेटवर

मुख्य गेटला दोन दरवाजे असतात. बाहेरचा बंद झाल्याशिवाय आतला उघडत नाही. मधल्या जागेत तुमची नोंद आणि झडती होते. इथे घाई करू नका.

फोन बाहेरच ठेवून या. तो बंद केला आहे, विमान मोडवर आहे, सिम काढलं आहे, यांपैकी काहीही चालत नाही. फोनसोबत बाकीचंही आठवून काढा: स्मार्ट घड्याळ, ब्लूटूथचे इअरफोन, पेन ड्राइव्ह, बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं जुनं मेमरी कार्ड. चष्म्यातही हल्ली कॅमेरे येतात, तसा चष्मा असेल तर साधा घेऊन या. गाडी आवारात नेणाऱ्या ड्रायव्हरने काचेवरचा डॅशकॅम आधीच काढून ठेवायचा. तो आपोआप सुरू असतो आणि आपल्या लक्षातही राहत नाही.

मनाई असलेली वस्तू नियमाविरुद्ध आत नेणं किंवा बाहेर आणणं यासाठी १८९४ च्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. २०० रुपयांचा आकडा वाचून कुणी हसू नये. तो एकोणिसाव्या शतकातला आकडा आहे, आणि कैदेची तरतूद त्याच वाक्यात आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श कारागृह कायदा तयार केला त्यात तर तुरुंगातल्या मोबाइलसाठी वेगळी आणि कडक शिक्षा सुचवली आहे. शिवाय गुन्हा दाखल होवो न होवो, तुमचं आत येणं त्या दिवशी संपतं, आणि तुमच्या वर्गातल्या पंचवीस-तीस बायकांचं शिकणंही बंद पडतं.

परवानगीचा कॅमेरा असेल तर त्याचा सिरीयल नंबर गेटवरच्या नोंदवहीत लिहिला जातो. तो कागदावरच्या नंबराशी जुळतो का हे स्वतः बघा. कार्ड कोरं करून न्या आणि तसं दाखवा. बाहेर पडताना तेच कार्ड, तोच कॅमेरा, तेवढीच साधनं, अशी नोंद पूर्ण करून मगच निघा.

आत, कॅमेरा हातात असताना

पहिलं काम: सोबत दिलेल्या अधिकाऱ्याबरोबर जागा ठरवा. कोरी भिंत मिळाली तर सोनं. चौकटीत काय येऊ द्यायचं नाही याची यादी मनात हवी: कुलपं आणि किल्ल्या, दरवाज्यांची रचना, टॉवर, कॅमेऱ्यांच्या जागा, विजेचे फलक, ड्युटीचा तक्ता, बंद्यांची संख्या लिहिलेला फळा, कोणतीही नोंदवही. किल्लीचा मुद्दा नव्यांना अतिशयोक्ती वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की दुरून, १९५ फुटांवरून, काढलेल्या फोटोवरूनही किल्लीचे दाते मोजून तशी दुसरी किल्ली बनवता येते. कमरेला जुडगा असलेला हवालदार चौकटीत असेल तर त्याला सांगून बाजूला घ्या, किंवा तुम्ही फिरा.

लेन्स ५० मिलिमीटरची एकच न्या. रुंद लेन्स सगळं आवार चौकटीत ओढते, आणि नेमकं तेच नको असतं. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) मोठं ठेवा, एफ २ किंवा त्याच्या आसपास, म्हणजे मागचं सगळं विरघळतं. कॅमेरा छातीच्या उंचीवरून खाली रोखा. खालून वर धरलात की तट आणि टॉवर आलेच. फ्लॅश वापरू नका, माणसाला खिडकीशी बसवा. सकाळचा उजेड चांगला असतो, आणि दुपारी बंदी बराकीत परत जातात, त्यामुळे वेळ तसा थोडाच मिळतो.

हात टिपा. शिवणयंत्राच्या सुईखाली कापड सरकवणारी बोटं, पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिणारा हात, पोळपाटावरचं पीठ. माझ्या अनुभवात अहवालातले हेच फोटो लोकांच्या लक्षात राहतात. मात्र हात टिपताना मनगट बघा. गोंदलेलं नाव, देवाचं चित्र, भाजल्याची खूण, तुटकं बोट, यांवरून माणूस लगेच ओळखू येतो. शिक्षा झालेल्याच्या कपड्यावर क्रमांक असू शकतो, तोही टाळा.

आर्थर रोडची अधिकृत क्षमता ८०४ अशी सांगितली जात आली आहे आणि प्रत्यक्षात तिथे त्याच्या कितीतरी पट माणसं असतात. म्हणून एका माणसाची संमती घेऊन फोटो काढला तरी मागे आणखी चार चेहरे येतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी कोपऱ्यांकडे नजर फिरवा.

चेहरा का नको, हे नीट समजून घ्या, कारण नवे स्वयंसेवक इथेच हट्ट धरतात. मुंबईच्या तुरुंगांतले बहुतेक जण न्यायाधीन बंदी आहेत, त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. अनेकांच्या प्रकरणात ओळख परेड व्हायची असते. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, दिसायला मिळत्याजुळत्या इतर माणसांत आरोपीला उभं करतात आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचं असतं. साक्षीदाराने त्याचा फोटो आधीच कुठे पाहिला असेल तर त्या ओळखण्याला काय अर्थ राहिला? कोर्टात बचाव पक्षाचा वकील हाच प्रश्न विचारतो, आणि त्यात फिर्यादी, आरोपी दोघांचंही नुकसान होतं. पोलीस आरोपीला बुरखा घालून नेताना दिसतात तेही याचसाठी. तुमच्या संस्थेच्या फेसबुक पानावरचा एक हसरा चेहरा एखादा खटला बिघडवू शकतो.

दुसरं कारण कायद्याच्या पुस्तकात नाही. भजनाच्या एका कार्यक्रमात पेटी वाजवणाऱ्या मुलाला मी फोटोबद्दल विचारलं. तो पेटीचा भाता धरून तसाच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, मला नका घेऊ. आईला सांगितलंय की मी दुबईला कामाला आहे.” पेटी मी एकटीच टिपली, तीही त्याचा हात बाजूला झाल्यावर.

म्हणून संमती विचारण्याची पद्धत महत्त्वाची. सगळ्यांसमोर, साहेब शेजारी उभे असताना ‘चालेल ना रे?’ असं विचारलं तर कुणीही हो म्हणतो. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. फोटो कुठे छापला जाईल ते सांगा. नाही म्हटलं तरी वर्गातून काढणार नाही, हे शब्द उच्चारून सांगा. फॉर्म त्याला वाचता येणाऱ्या भाषेत हवा. मुंबईत तो मराठी, हिंदी, उर्दू, बंगाली, तमीळ यांपैकी काहीही असू शकतं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. दोन दिवसांनी मन बदललं तर फोटो काढून टाकला जाईल, हेही त्यात असू द्या आणि ते पाळा.

मिठाई वाटताना, साडी देताना, ब्लँकेट हातात ठेवताना फोटो काढण्याची प्रथा बंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. देणारा कॅमेऱ्याकडे बघतो आणि घेणाऱ्याची मान खाली असते. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर अधीक्षकांच्या सहीची पोचपावती द्या, ती फोटोपेक्षा भक्कम असते.

मुलं

महिला कारागृहात सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत राहू शकतात. त्यांचे फोटो काढू नका. पाठमोरे, चेहरा झाकून, नुसते पाय, काहीच नको. मूल उद्या शाळेत जाईल, आणि तो फोटो तेव्हाही कुठेतरी असेल. ‘गळाभेट’सारख्या कार्यक्रमांत, जिथे आत असलेल्या आईबापांना मुलांना जवळ घेता येतं, तिथे तर हातात कॅमेरा असणंच मला अवघड वाटतं. अधिकृत फोटो कारागृह विभाग काढेल, तुम्ही मुलांना पाणी द्या.

डोंगरीच्या निरीक्षणगृहात किंवा कुठल्याही बालगृहात काम करत असाल तर बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७४ पाठ असू द्या. मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सअॅप स्टेटसही प्रसिद्धीच आहे असं धरून चाला.

बाहेर आल्यावर

कार्डावरचे फोटो आधी अधिकाऱ्यांना दाखवा, नको असलेले त्यांच्यासमोर काढून टाका आणि मंजूर फोटोंच्या यादीवर सही घ्या. नंतर फाइल एकाच संगणकावर, पासवर्डखाली. फोनवर घेऊ नका, कारण फोन त्या आपोआप क्लाउडवर चढवतो आणि घरच्या टॅबवरही त्या उमटतात.

फोटोच्या पोटात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर आणि कधी कधी ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. पाठवण्याआधी ती माहिती पुसा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती बहुतांशी गळते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की सगळी जशीच्या तशी जाते, आणि दर्जा टिकावा म्हणून आपण नेमकं तेच करतो.

चेहरा झाकायचा असेल तर धूसर करू नका, काळा ठोकळा ठेवा किंवा तो भाग कापूनच टाका. धूसर केलेलं पुन्हा ओळखता येण्याजोगं करणारी साधनं आता सहज मिळतात. ठोकळा ठेवल्यावर फोटो नव्याने जतन करा, नाहीतर काही अॅपमध्ये ठोकळा उचलला की खालचा चेहरा तसाच सापडतो. फोटोखालच्या ओळी लिहिताना नाव, गाव, गुन्हा, बराक क्रमांक यांतलं काही नको.

रीतसर काढलेल्या चित्राला किती वजन असतं याचं उदाहरण आर्थर रोडचंच आहे. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत बराक क्रमांक १२ चे फोटो लंडनच्या न्यायालयापुढे आले होते. त्या फोटोंनी समाधान झालं नाही, म्हणून न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी जुलै २०१८ मध्ये बराकीचं टप्प्याटप्प्याने केलेलं चित्रण मागितलं. आत नैसर्गिक उजेड किती येतो हे त्यांना पाहायचं होतं. तुरुंग कसा आहे हे जगाला दाखवण्याची गरज असते, हे मला मान्य आहे. आतली गर्दी, गळकं छत, तुंबलेलं संडास दिसलं तर ते दडपायचं असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्यासाठी चोरून फोटो काढू नका. तारीख, वेळ, जागा लिहून अधीक्षकांना लेखी कळवा, विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, तुरुंगाला भेट देणाऱ्या न्यायाधीशांपुढे मांडा. न्यायालय आदेश देऊन पाहणी करवू शकतं, आणि तेव्हा काढलेल्या फोटोला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

कुणी अडवलं तर

थांबा, कॅमेरा खाली करा, परवानगीचा कागद दाखवा. कागद नसेल तर ‘फोटो काढला आहे’ असं सरळ सांगा. घाबरून फोटो पुसू नका. पुसताना दिसलात की संशय दुप्पट होतो. पुसायला अधिकाऱ्याने सांगितलं तर त्याच्यासमोर पुसा आणि कोणी सांगितलं ते टिपून ठेवा. फोन किंवा कॅमेरा पोलिसांनी ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात सिरीयल नंबर बरोबर लिहिला आहे ना ते बघा, आणि संस्थेतल्या जबाबदार माणसाला त्याच दिवशी लेखी कळवा.

संस्था सोडताना किंवा बदली होताना तुमच्याकडच्या सगळ्या मूळ फाइल, संमतीचे फॉर्म आणि परवानग्यांच्या प्रती पुढच्या माणसाच्या ताब्यात द्या, यादीवर त्याची सही घ्या, आणि तुमच्या संगणकावरच्या प्रती त्याच्यासमोर काढून टाका. कचरापेटीचा फोल्डरही रिकामा करा.